अंकलचं वाकडं सुतारकाम

माझ्या लग्नात अंकलनी आम्हांला एक स्टूल दिलं. ऑलिव्हच्या लाकडाचं, तीन पायांचं. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, असं म्हणतात. अंकलचं डुगडुगायचं. ते कसं काय, हे माझ्या इंजिनियर नवऱ्याला आजतागायत उलगडलेलं नाही. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, पायांखाली पुठ्ठे घातले आणि शेवटी त्यावर एक कुंडी ठेवून दिली. कुंडीही जरा तिरकीच उभी राहते.

अंकलच्या हातच्या अशा वस्तू इस्राएलभर, हैफापासून डिमोनापर्यंत किती घरांत असतील, कोण जाणे. डिमोनाला माझ्या आईकडे त्यांनी दिलेली एक फळी आहे. तिच्यावर संत्रं ठेवलं की ते सावकाश घरंगळत जातं आणि टोकाला जाऊन थांबतं, कारण टोकाला अंकलनी एक आडवी पट्टी ठोकून ठेवली आहे. फळी सरळ करण्यापेक्षा पट्टी ठोकणं त्यांना सोपं वाटलं. आमच्या एका नातेवाइकांना त्यांनी दाराच्या चौकटीवर लावायची मेझुझाची डबी करून दिली होती. वरची नक्षी बरी होती, पण आत पवित्र वचनांची गुंडाळीच जाईना. अंकलनी ती हातात घेऊन नीट पाहिली आणि म्हणाले, "गुंडाळी जाडी हाय."

कुणी हसलं तर त्यांना राग येत नसे. तेही हसायचे. "चांगलं करायचं ते ऑफिसात," ते म्हणायचे. "घरी नुसतं करायचं."

आणि ऑफिसात त्यांच्याएवढा अचूक माणूस दुसरा नव्हता.

आम्ही कोकणातले मराठी ज्यू. नववीपर्यंत मी ठाण्याच्या मराठी शाळेत शिकले आणि मग आईवडिलांबरोबर डिमोनाला आले. सैन्यातली सक्तीची वर्षं झाली, टेक्निशियनचा कोर्स झाला, आणि नव्वदच्या दशकात हैफाच्या एका कंपनीत नोकरी लागली. आमचं काम चिपच्या आतला नकाशा आखायचं. नखाएवढ्या चिपमध्ये वीज कुठून कुठे जाणार, ते रस्ते, पूल, चौक आम्ही मोठ्या स्क्रीनवर रंगीत पट्ट्यांनी काढायचो. लाल पट्टी एका थराची, निळी दुसऱ्या, हिरवी तिसऱ्या. एक पट्टी दुसरीला नको तिथे चिकटली की सगळी चिप फुकट. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, दहा-बारा माणसं, दिवसभर फक्त माऊसची टकटक. अंकल त्या खोलीचे प्रमुख. मुंबईत ते एका फर्ममध्ये ड्राफ्ट्समन होते. इथे आल्यावर पेन्सिल सुटली आणि माऊस हातात आला, पण रेघ तशीच राहिली. दुसऱ्याच्या स्क्रीनकडे लांबून बघून ते सांगायचे, "खालून तिसरी पट्टी हललीय."

पहिल्या दिवशी माझ्या आडनावाच्या शेवटचं 'कर' ऐकून त्यांनी चष्मा वर केला आणि एकदम मराठीत विचारलं, "गाव कंचं?"

"ठाणं."

"ते नंतरचं. आधीचं?"

"अलिबागकडचं."

"मंग बस. आणि मला सर म्हणू नको. अंकल म्हण."

सगळी खोलीच त्यांना अंकल म्हणायची. रशियातून नुकत्याच आलेल्या एका मुलीला तर ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटायचं. पगाराचं बघणाऱ्या बाईकडे जाऊन तिने 'अंकल यांची सही' मागितली होती.

अंकलचा विक्षिप्तपणा मला त्याच दिवशी कळला. सकाळची दोन-तीन तासांची टकटक झाली आणि ते उठले. खोलीभर फिरत त्यांनी एकेकाच्या मॉनिटरचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळी केली. मी घाबरले. शेजारची मुलगी म्हणाली, "काम सुरक्षित आहे, फक्त दिसत नाही. आता हात पुढे कर." अंकलनी टेबलाखालचं मोठं ड्रॉवर ओढलं. त्यात सुतळीची गुंडी, ओली माती, घासकागद, पत्र्याचे तुकडे, साड्यांचे जुने काठ, नारळाच्या करवंट्या. माझ्या हातात एक करवंटी आणि घासकागद आला.

"काय करू?"

"घास."

"काय बनवायचंय?"

"ते ती सांगेल. तू घास."

पंधरा-वीस मिनिटं सगळे असं काहीबाही करत बसायचे. मोरोक्कोचा एक दाढीवाला सुतळीच्या गाठी मारायचा, ती रशियन मुलगी मातीच्या मांजरी करायची. कुणी कुणाचं कौतुक करायचं नाही आणि कुणी कुणाची चूक काढायची नाही, एवढाच नियम. दुपारी पुन्हा एकदा तेच. वरच्या मजल्यावरचे लोक आमच्या खोलीला 'गान' म्हणायचे. हिब्रूत गान म्हणजे बालवाडी. अंकलना तो शब्द आवडायचा. ते म्हणायचे, "डोळ्यांनी खाल्लं ते हातांनी पचवायला लागतं. नायतर अजीर्ण होतं." हे ते आधी मराठीत मला सांगायचे आणि मग हिब्रूत सगळ्यांना. हिब्रूत ते पोटाच्या दुखण्याचा सल्ला दिल्यासारखं वाटायचं.

मला मात्र सुरुवातीला त्याचा कंटाळा यायचा. मी पंचविशीची. काम झपाट्याने यायला लागलं होतं. ऐन रंगात आलेलं असताना स्क्रीन काळी व्हायची आणि मी करवंटी घासत मनातल्या मनात पुढच्या पट्ट्या मारत बसायची. अंकलना ते ओळखू यायचं. "हात इथे, डोकं तिथे," ते जाता जाता म्हणायचे. पण जबरदस्ती नाही करायचे.

मग एक मोठं काम आलं. पेसाहच्या सणाआधी द्यायचं होतं. आमचा मॅनेजर अंकलपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, हुशार आणि सदा घाईत असलेला. वाईट नव्हता. त्याच्यावरही वरून दडपण होतंच. तो खाली आला, दाराशी उभं राहून म्हणाला, "अंकल, सणापर्यंत बालवाडीला सुट्टी."

अंकल म्हणाले, "सुट्टीत पोरं जास्त दमतात."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"मी पण."

शेवटी असं ठरलं की ज्याला थांबायचं त्याने थांबावं, ज्याला नको त्याने नको. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंकल, माझी स्क्रीन बंद करू नका." त्यांनी मान हलवली आणि माझं टेबल सोडून ते पुढे गेले.

ते आठवडे मला सलग आठवत नाहीत. सकाळी बसमधून उतरायची, खोलीत शिरायची, अंधार पडल्यावर बाहेर यायची. जेवण टेबलावरच. डोळे मिटले की लाल-निळ्या पट्ट्या दिसायच्या. डोंगरउतारावरची घरं, बंदरातल्या क्रेन, सगळं मला थरांत दिसायला लागलं होतं. कुठली घरं फार जवळ आलीत, कुठली हलवायला हवीत. एका शुक्रवारी डिमोनाला घरी गेले. आई शब्बातच्या, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या लावायच्या तयारीत होती. मी तिला चहा द्यायला गेले आणि कप माझ्या हातातून निसटला. कप फुटला, तेव्हा माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप हलली. ऑफिसात चूक झाली की आम्ही कीबोर्डवर जी दोन बटणं दाबून ती पुसून टाकायचो, ती बटणं मी हवेत दाबत होते. एकदा, दोनदा. कप तसाच फुटलेला.

आई माझ्या बोटांकडे बघत राहिली. "काय करतेस गो?" तिने विचारलं. मी तुकडे वेचायला बसले.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात बसले. स्क्रीन समोर, माऊस हातात. आणि कंप्युटरला रोज शेकडो वेळा द्यायची ती आज्ञा आठवेना. मी बसून राहिले. रडू येत नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंकल आले. त्यांनी माझी स्क्रीन बंद केली नाही. माझी पर्स उचलली, माझा कोट उचलला आणि म्हणाले, "चल, आंटीकडे जाऊ."

जाताना जिन्यापाशी मॅनेजर भेटला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अंकलकडे. "तिचा भाग कोण पुरा करणार?"

"मी," अंकल म्हणाले.

"आणि तुमचा?"

"तो पण मी. पण माझ्या वेळेने."

अंकलचं घर हैफाच्या खाडीकडच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. आंटी म्हणजे त्यांची बायको, ठेंगणी, बोलायला ठसकेबाज. दार उघडून त्यांनी मला एकदा खालून वर पाहिलं आणि अंकलना म्हणाल्या, "हिला आत्ता काय करायला देऊ नका. आधी झोपू दे. मंग भूक लागू दे. मंग बघू." माझ्या आईला त्यांनीच फोन केला. आईने मला तिथेच राहू द्यायला सांगितलं.

मी झोपले. उठले, खाल्लं, पुन्हा झोपले. दुसऱ्या दिवशी आंटींनी नारळ फोडला आणि खवणीसमोर मला बसवलं. मी एक वाटी खोबरं खवून उठले आणि ते काम मला इतकं मोठं वाटलं की मी पुन्हा जाऊन पडले.

त्या दिवसांत आंटींनीच मला सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अंकलचंही असंच झालं होतं. स्क्रीन नवीन आल्या होत्या आणि त्यांना वेड लागलं होतं. जेवताना ताटातल्या वाट्या एका रेषेत लावायचे. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना सोडून टेबलक्लॉथचे कोपरे सरळ करत फिरले. "मंग एक दिस उजवा हात मिटेना," आंटी म्हणाल्या. "असा उघडाच. कुपात खोलीमला नेलं, विम्याच्या दवाखान्यात. डॉक्टर बोलला, हाताला काय नाय झालं. तिथे एक पोरगी होती, तिने ह्यांच्या हातात मातीचा गोळा दिला. महिनाभर रोज जायचे. काय केलं म्हायताय? एक वाटी. त्या वाटीतून पाणी गळायचं. पण ती घेऊन हे घरी आले ना, त्या दिशी पोटभर जेवले. तेव्हापासून माझ्या घरात एक वस्तू धड नाय."

मी खोलीभर पाहिलं. खरंच नव्हती.

संध्याकाळी अंकल ऑफिसातून यायचे. आमच्याकडे दुपारी दोन ते चार इमारतीत आवाज करायचा नाही, असा रिवाज. संध्याकाळी मात्र आल्या आल्या गॅलरीत त्यांची ठोकाठोक सुरू व्हायची. माझा भाग, त्यांचा भाग, दोन्ही दिवसभर काढून आलेले असायचे, पण त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर एका जुन्या खुर्चीचा सांगाडा ठेवला आणि दोरीचं भेंडोळं. "ही बैठक विणून दे."

मी विणायला लागले. वर, खाली, वर, खाली. हातांना ते फार पूर्वीपासून ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. निम्मी झाल्यावर लक्षात आलं की सुरुवातीलाच एक फेरा चुकलाय आणि सगळी वीण तिरकी चाललीय. मी सोडवायला लागले. अंकलनी माझ्या हातावर हात ठेवला.

"काय करतेस?"

"चुकलंय. उलगडते."

"इथे अनडू नाय, पोरी. चुकलं ते चुकलं. पुढे विण."

"पण वाकडं दिसेल."

"दिसू दे. माझ्या घरात कोण ओळखणार?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे आवाज मलाच अनोळखी वाटला. आतून आंटी म्हणाल्या, "हसली. आता हिला कामावर जाऊ द्यायला हरकत नाय."

मी आणखी थोडे दिवस राहिले, खुर्ची पुरी केली आणि परत गेले. काम सणाआधी झालं नाही, सणानंतर दिलं. मॅनेजरला वरून बोलणी बसली असतील. त्याने काही दिवस अंकलशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पण नंतर कधीतरी मी त्याला आमच्या खोलीत, पाठ आमच्याकडे करून, पत्र्याचा तुकडा वाकवताना पाहिलं. नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही.

पुढच्या काही वर्षांत मी बरंच शिकले. करवंट्यांच्या पळ्या केल्या, सुतळीच्या पिशव्या केल्या. लग्न होऊन अश्दोदला गेले, तिथल्या कंपनीत तेच काम धरलं आणि तिथेही एक ड्रॉवर भरून ठेवलं. अंकलशी शुक्रवारी दुपारी फोनवर बोलणं व्हायचं. मग नवं शतक लागलं, धंदा मंदावला, कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. अंकलना लवकर निवृत्त केलं. मला वाटलं, चला, आता दिवसभर लाकूडच लाकूड. हैफात कुणाच्याच घरी सरळ फळी राहणार नाही.

काही महिन्यांनी आंटींचा फोन आला. त्या एरवी फोनवर मोठ्याने बोलायच्या. त्या दिवशी हळू बोलत होत्या. "तू एकदा ये. तुझे अंकल दिसभर मशीनवर पत्ते खेळतात."

मला खरंच वाटेना. मी गेले. मुलीने घेऊन दिलेल्या कंप्युटरसमोर अंकल बसले होते. काळ्यावर लाल, लालवर काळा, पत्ते लावत होते. दाढी वाढलेली. मी आले तेव्हा वळून म्हणाले, "बस, हा डाव होऊ दे." तो डाव झाला, दुसरा सुरू झाला. गॅलरीत करवत होती, तिच्यावर समुद्राकडच्या वाऱ्याने गंज चढला होता.

मी त्यांच्याच शब्दांत त्यांना सांगायला लागले. डोळ्यांनी खाल्लेलं, हातांनी पचवायचं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते माझं मला नको सांगू."

"मग उठा ना अंकल. गॅलरीत चला. मी करवत धरते."

"उठून काय करू?"

"काहीही. नुसतं करायचं, तुम्हीच म्हणायचा."

त्यांनी माऊस सोडला. हात मांडीवर ठेवले. "तुला एक सांगू?" ते म्हणाले. "मी पण ह्याच भ्रमात होतो. वाटायचं, ऑफिस सुटलं की मी राजा. पण दिसभर बारीक काम करून, डोकं फुटायची पाळी आली ना, की मंग त्या लाकडाला चव यायची. तिथनं पळून मी इथे यायचो. आता पळू कुठनं? सकाळी उठलो की गॅलरीच. करवत हातात घेतली आणि वाटलं, हे काय करतोय मी म्हातारा. कोणाला पायजे हे वाकडं लाकूड?"

"आणि हे पत्ते कुणाला पाहिजेत?"

"कोणालाच नाय. पण ह्याच्यासमोर बसलं की कामावर असल्यासारखं वाटतं."

इतकी वर्षं मी समजत होते की स्क्रीन हे दुखणं आणि लाकूड हे औषध. दुखणं गेलं तर औषधाची गरज नाही आणि माणूस बरा, असा माझा हिशोब. तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि बरा दिसत नव्हता.

स्वयंपाकघरात आंटी कान देऊन उभ्या होत्या. मी आत गेले तेव्हा त्या पदराने हात पुसत एवढंच म्हणाल्या, "म्हंजे ह्यांना ऑफिस पायजे."

"या वयात कोण देणार, आंटी?"

"मी देते."

आंटींच्या वस्तीत एक मोआदोन होतं, म्हणजे आपल्या मराठी म्हाताऱ्या माणसांचा क्लब. तिथे कुणीतरी वापरलेले पाच-सहा कंप्युटर आणून ठेवले होते आणि ते पिशव्यांनी झाकून तसेच पडले होते. क्लबातल्या बायकांची नातवंडं दूरदूर गेलेली, भावंडं ठाण्या-मुंबईत. त्या मशीनमधून फोटो येतात आणि पत्रं जातात, एवढं त्यांनी ऐकलं होतं. आंटींनी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून टाकलं की आमचे हे शिकवणार, रविवारपासून, सकाळी. घरी येऊन अंकलना सांगितलं ते शनिवारी, शब्बात संपल्यावर.

अंकल भडकले, असं आंटी म्हणाल्या. "मला विचारलंस काय?" "विचारलं असतं तर नाय बोलला असता." "आता पण नाय बोलतो." "बोला. पण तिथे जाऊन तुम्हीच सांगा. मी तोंड नाय दाखवणार." बायका वाट बघत बसल्यात आणि आपण गेलो नाही, हे अंकलना जमणारं नव्हतं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गेले.

रविवारी दुपारी त्यांचाच मला फोन आला. आवाज थकलेला, वैतागलेला. "पोरी, पंधरा वर्षं चिपा काढल्या, पण असा ताप नाय झाला. एक बाई माऊसला हातच लावीना. म्हणे, बिघडला तर माझ्या लेकाला भरायला लागेल. दुसरीला नातवाचा फोटो दाखवला तर तिने काचेची पापी घेतली. सगळी काच तेलकट. तिसरी विचारते, ह्याच्यात आमची ठाण्याची गल्ली दिसेल काय, गल्लीत आता कोण राहतं ते बघायचंय. आता ती गल्ली मी कुठनं आणू?"

"मग उद्या नका जाऊ," मी म्हटलं.

"उद्या जायलाच पायजे. त्या पापीवालीचं पत्र अर्धं राहिलंय."

त्यानंतर काही आठवडे अंकलचा फोन नाही. मी केला की आंटी सांगायच्या, क्लबात गेलेत, अजून आले नाहीत, आले पण आडवे झालेत. मला वाटायचं, पत्त्यांच्या जागी आता हे, दुसरं काय बदललं?

एका संध्याकाळी पाच-साडेपाचला आंटींचा फोन आला. मी नुकतीच ऑफिसातून आले होते.

"बोलू नको," त्या म्हणाल्या. "नुसतं ऐक."

त्यांनी रिसीव्हर दूर धरला असावा. आधी चपलांचा आवाज, मग गॅलरीचं सरकतं दार. मग हातोडी. ठोका, थोडा वेळ काही नाही, दोन ठोके, मग काहीतरी घसरून पडल्याचं, पुन्हा ठोका. त्यात ना ताल, ना घाई. मग एक ठोका वेगळाच आला, मऊसर, आणि पाठोपाठ अंकलची एक अस्सल अलिबागकडची शिवी.

आंटी फोनवर परत आल्या. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"बोट चेचलं वाटतं," त्या म्हणाल्या. मुलगा पास झाल्याचं सांगावं, तशा सुरात म्हणाल्या. "ठेवते आता. बर्फ न्यायला पायजे."